विनिमय कार्यक्रमाला निघण्याआधी: सोलापूरच्या महाविद्यालयीन ग्रंथपालाची तयारी

परदेशातल्या विनिमय कार्यक्रमासाठी अर्ज करायचे ठरले की आधी आपल्याच ग्रंथालयाची माहिती कागदावर उतरवून काढा. दाखलनोंद वहीतला शेवटचा क्रमांक, मागच्या साठा पडताळणीत गहाळ निघालेली पुस्तके, रोजची देवघेव, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेत जागा पुरते का, महाविद्यालयांना ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके पुरवणाऱ्या एन-लिस्टचे लॉगिन किती जणांनी घेतले आणि त्यातले किती जण ते खरोखर उघडतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी जमवलेले आकडे हाताशी असतात, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथला ग्रंथपाल पहिल्याच चहाला विचारेल की तुमचा विद्यार्थी ग्रंथालयात येऊन नेमके काय करतो. हे सांगता यायला हवे असेल तर आठवडाभर देवघेवीच्या काउंटरमागून उठून वाचनकक्षात बसा.

मग कार्यक्रम निवडा. फुलब्राइट-नेहरू पाठ्यवृत्तीसाठी अर्ज आपला आपण करायचा असतो, यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेमार्फत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले मॉर्टेन्सन सेंटर १९९१पासून जगभरच्या ग्रंथपालांना प्रशिक्षणासाठी बोलावते. युरोपातली कित्येक विद्यापीठे ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी खास सप्ताह भरवतात. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेच्या खर्चाने जायचे तर दोन विद्यापीठांत आधी करार लागतो. म्हणून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात चौकशी करून मगच त्या वाटेला लागा. अमेरिकी सरकारच्या आयव्हीएलपी या पाहुण्यांना बोलावण्याच्या कार्यक्रमाला अर्जच नसतो, नाव दूतावास सुचवतो. त्यामागे वेळ घालवू नका.

अर्जातले उद्देशाचे निवेदन हा सगळ्या तयारीचा कणा आहे. ‘जागतिक दर्जाची ग्रंथालये पाहून प्रेरणा घ्यायची आहे’ असे लिहिणारे शेकडो असतात. एक प्रश्न न्या, तोही इथल्या मातीतला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी इंग्लंडला गेले. तिथे त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतले, अनेक ग्रंथालये फिरून पाहिली आणि प्रचलित वर्गीकरणातल्या उणिवा टिपल्या. त्यातून पुढे १९३३मध्ये द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तके विषयवार लावण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. तिथले नुसते उचलून आणले असते तर आज आपण त्यांचे नाव घेतले नसते.

सोलापूरकराला प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. आपल्या कपाटांत मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू आणि उर्दू पुस्तके उभी असतात, पण ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, त्यांची नावे कुणी रोमन लिपीत टाकलेली, कुणी देवनागरीत, कुणी टाकलीच नाहीत. शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीला आजोबांच्या भाषेतले पुस्तक शोधायचे असेल तर तिला शिपायालाच विचारावे लागते. अमेरिकेतली विद्यापीठे अशा पुस्तकांची नोंद ठरलेल्या नियमांनी रोमन लिपीत करतात आणि मार्क या संगणकीय नोंदीच्या ठरलेल्या साच्यातल्या ८८० या क्षेत्रात मूळ लिपीतले नावही ठेवू शकतात. ते काम तिथे कोण करते, किती वेळ लागतो, कोहा किंवा सोल या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला ते कितपत जमेल, हे विचारायला जाणारा माणूस यजमानांच्या लक्षात राहतो.

जाण्यापूर्वी यजमान विद्यापीठाची सूची घरबसल्या उघडून तिच्यात सोलापुरात छापलेली पुस्तके शोधा. सापडण्याची चांगली शक्यता आहे. १९६२पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतले कार्यालय अमेरिकी विद्यापीठांसाठी भारतीय भाषांतली पुस्तके घेत आले आहे. सुरुवातीला तो पैसा पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हापोटी भारताने दिलेल्या रुपयांतला होता. आपले पुस्तक त्यांच्या कपाटात आहे हे माहीत असले की बोलणे बरोबरीने सुरू होते. विनिमयात दोन्ही बाजूंनी काहीतरी जायला हवे, असे मला मनापासून वाटते. म्हणून वीस मिनिटांचे सादरीकरण तयार ठेवा: यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांतून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेली मुले, त्यांना बुक बँकेचा होणारा उपयोग, चार भाषांचा वाचक. इमारतीची छायाचित्रे दोन पुरेत.

आता मागे राहणाऱ्यांचे. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बहुतेक महाविद्यालयांत एक ग्रंथपाल, एखादा लिपिक आणि दोन-तीन परिचर असतात. सगळे पासवर्ड एकाच डोक्यात असतात. निघण्याच्या बरेच आधी सहकाऱ्याला सॉफ्टवेअरचा बॅकअप घ्यायला, पुस्तक खरेदीची बिले दाखल करायला, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेतली ई-नियतकालिके विद्यार्थ्याला उघडून द्यायला शिकवा. मग तुम्ही गावातच असताना चार दिवस त्याच्यावर सोपवून बाजूला व्हा. तुमच्याशिवाय ग्रंथालय चालले तर नेतृत्वाचा निम्मा अभ्यास इथेच झाला. परीक्षा किंवा नॅकची भेट त्या काळात येते का, तेही प्राचार्यांसोबत आधी पाहून घ्या.

कागदपत्रे: संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र, कर्तव्य रजेचा ठराव, सहसंचालक कार्यालयाची परवानगी, सेवापुस्तकातील नोंद. हे निवड होण्यापूर्वीच तोंडी बोलून ठेवा, कारण संस्थेची सभा तुमच्या तारखा पाहून भरत नाही. पारपत्र नसेल तर सोलापुरातच अर्जाची सोय आहे. अमेरिकेच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे आणि मुलाखत अशा दोन वेगळ्या वेळा मिळतात. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणार असाल तर एक दिवस आधीचे तिकीट काढा, त्याच सकाळी पोहोचून धावपळ नको. जे-१ या विनिमयासाठीच्या व्हिसावर आरोग्य विमा लागतोच. आणि सरकारी निधीतून जाणाऱ्याला साधारणपणे परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, त्याआधी तिकडच्या नोकरीचा एच व्हिसा मिळत नाही. घरच्यांना हे आधीच सांगा.

सामानाचे थोडक्यात. आपल्याकडच्या हिवाळ्याच्या अंदाजाने इलिनॉयचा हिवाळा निभत नाही. जाड कोट तिथेच घ्या. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी न्यायची तर तिथल्या विमानतळावर तपासणीच्या वेळी आधीच सांगा. भेट म्हणून सोलापुरी चादर जड होते, टॉवेल न्या.

रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय पाहिले, ते आपल्याकडे कुणाला उपयोगी पडेल, त्याला किती पैसे लागतील. तिसरा रकाना कधीही सोडू नका. विद्यार्थ्यांना तासावर काउंटरचे काम देण्याची पद्धत आपल्याकडेही ‘कमवा आणि शिका’मधून बसवता येते, चोवीस तास उघडी इमारत बहुधा नाही.

शेवटचे काम निघण्याआधीच उरका. परतल्यावर बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोल्याच्या ग्रंथपालांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घेणार असल्याचे पत्र प्राचार्यांना द्या, सभागृहाची तारीख नोंदवा आणि ती सर्वांना कळवून मगच गाडीत बसा.