त्वरण, वेगोत्कर्ष आणि बेअरिंगचा छर्रा

दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी माध्यम. पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला बेळगावात आलो आणि पहिल्याच आठवड्यात 'अॅक्सिलरेशन' कानावर आदळलं. मला तेच त्वरण म्हणून ठाऊक होतं, म्हणजे वेग बदलण्याचा दर. शेजारी बसणारा, कन्नड माध्यमातून आलेला बैलहोंगलचा मित्र त्यालाच वेगोत्कर्ष म्हणायचा. वर्गात दोघेही सारखेच गार! बल तेवढं कन्नडातही बलच, एवढाच दिलासा. इंग्रजीची धास्ती दिवाळीपर्यंत आपोआप ओसरते, तिचं फार मनावर घेऊ नका. माझं अडलं ते सूत्रं नुसती पाठ केल्यामुळे.

मग सुट्टीत घरीच मोजायला बसलो. दोन मीटरची खाचेची अॅल्युमिनियम पट्टी, एका टोकाखाली १० सेंटिमीटर वह्यांची चळत, उद्यमबागच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या काकांनी आणलेला बेअरिंगचा छर्रा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. छर्रा नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. दर अंतराला पाचदा मोजून सरासरी काढायची. ५० सेंटिमीटरला १.८ सेकंद लागले, २०० सेंटिमीटरला ३.६. अंतर चौपट, वेळ दुप्पट! अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे वाक्य तेव्हा कुठे कळलं. हाच प्रयोग करताना गॅलिलिओकडे अचूक घड्याळही नव्हतं. तो भांड्यातून पडलेलं पाणी तोलून वेळ मोजायचा.

त्वरण निघालं ०.३१ मीटर प्रति सेकंद वर्ग. उताराच्या सूत्राने यायला हवं होतं ०.४९. मी वहीत गुपचूप ०.४८ लिहून टाकलं. हे करू नका. पुढे कळलं, ते सूत्र घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूचं. छर्रा गडगडतो, त्याची काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते. खाच नसलेल्या उतारावर भरीव गोळ्याला पाच-सप्तमांशच त्वरण मिळतं, म्हणजे इथे ०.३५. उरलेली तूट खाचेच्या कडांची आणि थोडी घर्षणाची. माझा 'चुकलेला' आकडाच बरोबर होता.

स्प्रिंगचा प्रयोग सोपा म्हणतात, पण गोची तिथेही आहे. दर ५० ग्रॅमला लांबी २ सेंटिमीटर वाढत होती, म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक (लांबी वाढवायला दर मीटरला लागणारं बल) साधारण २४.५ न्यूटन प्रति मीटर. पहिलं वजन लावलं तेव्हा मात्र स्प्रिंग जेमतेम हलली. घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग थोडा ताण बसेपर्यंत उघडतच नाही. त्यामुळे आलेखाची रेषा शून्यातून जात नाही. ती ओढूनताणून शून्याला नेऊ नका, फक्त चढ काढा. डोळा काट्याच्या समोर धरा, वरून बघितलं की दोन-तीन मिलिमीटर सहज हुकतात.

जमलं तर स्प्रिंगच्या जागी रबरबँड लावून बघा, वजनं चढवताना आणि उतरवतानाही लांबी लिहा. दोन्ही रांगा जुळणार नाहीत. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मला नेमकं हेच विचारलं, आणि मी मराठी, कन्नड, इंग्रजी सगळं मिसळून उत्तर दिलं. सर हसले, पण मार्क पूर्ण दिले.