बंद इमारतीतला एअरसॉफ्ट: पहिल्या खेळाला जाताना

इथे ब्रिटनमध्ये एअरसॉफ्ट, म्हणजे नकली बंदुकीनं एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे झाडायचा खेळ, खेळायला निघालेला नवखा माणूस आधी विचारतो, ‘बंदूक कुठली घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं: पहिल्या तीन खेळांना कुठलीच नाही, मैदानावर भाड्यानं मिळते ती घ्या. कायदाही जवळपास तेच सांगतो. 2006 च्या कायद्यानं खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकीच्या विक्रीवर बंदी घातली, एअरसॉफ्ट खेळाडूंना त्यातून सूट दिली. पण तुम्ही खेळाडू आहात हे दुकानदाराला दाखवावं लागतं. त्यासाठी चालते ती यूकाराची, म्हणजे इथल्या एअरसॉफ्ट विक्रेत्यांच्या संघटनेची, नोंदणी, आणि ती मिळायला तीन खेळ झालेले हवेत, पहिल्या नि तिसऱ्यात निदान 56 दिवसांचं अंतर ठेवून. वय अर्थातच 18 च्या पुढे.

तेवढ्या काळात पैसे खर्च करायचे ते डोळ्यांवर आणि दातांवर. सीक्यूबी, म्हणजे खोल्या, बोळ आणि जिन्यांतला खेळ, यात छर्रा पाच-सहा पावलांवरून येतो. जंगलातल्या खेळात अंतरानं त्याचा जोर मरतो, इथे मरत नाही.

गॉगल घेताना त्यावर कोरलेलं अक्षर वाचा. ईएन 166 या युरोपीय मानकाच्या चाचणीत 0.86 ग्रॅमची पोलादी गोळी काचेवर मारतात. ती गोळी 6 मिलिमीटरची, आपल्या छऱ्याएवढीच. ‘एफ’ खूण असेल तर काच सेकंदाला 45 मीटर वेगाचा मार सोसते, ‘बी’ असेल तर 120 मीटरचा. मारातली ऊर्जा जूलमध्ये मांडली तर ‘एफ’ची हमी 0.87 जूलपर्यंतच पोचते, ‘बी’ची सहाच्या वर जाते. इथल्या बऱ्याच मैदानांवर 0.20 ग्रॅमच्या छऱ्याला सेकंदाला 350 फूट ही मर्यादा असते, ती होते सुमारे 1.14 जूल. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला ‘एफ’वाला चष्मा इथे कामाचा नाही. ‘बी’ हवा, आणि तोही चेहऱ्याला चारी बाजूंनी चिकटून बसणारा.

तोंडावर जाळीचा अर्धा मास्क लावा. पहिल्या दिवशी मी ऐटीत नुसता रुमाल बांधून गेलो होतो. सोमवारी ऑफिसात सुजलेल्या ओठाची कहाणी सहा जणांना सांगावी लागली. दात वाचले ते नशिबानं.

खरा शत्रू मात्र वाफ. पळून धाप लागली की काच धुरकट होते आणि हात आपोआप गॉगल उचलायला जातो. तो उचलायचा नाही. काही दिसेनासं झालं तर डोळ्यांवर हात दाबून धरा आणि मार्शलला, म्हणजे मैदानावरच्या पंचाला, हाक मारा. दुहेरी काचेचा गॉगल घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. साध्या काचेला आतून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्यानं पुसा. काचेला वाफरोधक लेप आधीच असेल तर हा उपाय करू नका, लेप जातो.

बाकी सामान थोडकं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, गुडघ्याला पॅड. बारा खिशांचं जाकीट फोटोत छान दिसतं, पण दारात अडकतं. दोन-तीन मॅगझिन पुरतात, कारण आत बहुतेक ठिकाणी एकेकच गोळी झाडायची परवानगी असते.

खेळाआधी क्रोनोवर, म्हणजे वेगमापक यंत्रावर, बंदुकीतून सुटणाऱ्या छऱ्याचा वेग मोजतात. तिथे जे छर्रे खेळात वापरणार तेच भरा. गॅसच्या बंदुकीत जड छर्रा घातला की बाहेर पडतानाची ऊर्जा वाढू शकते. 0.20 ग्रॅमच्या छऱ्यावर पास झालेली बंदूक 0.28 च्या छऱ्यावर मर्यादा ओलांडू शकते आणि नाव खराब होतं ते तुमचं. बंदुकीतली हॉप-अपची चकती इमारतीत खेळताना फारशी पिळू नका. छऱ्याला उलटी फिरकी देऊन तो लांबवर तरंगत ठेवायचा हे तिचं काम. पंधरा मीटरच्या खोलीत ती जास्त झाली तर छर्रा छताकडे जातो.

आता कोपरे. नवखा माणूस भिंतीला पाल चिकटावी तसा चिकटतो आणि कोपऱ्यापाशी जाऊन डोकावतो. त्याच्याआधी त्याची नळी पलीकडे पोचलेली असते. पलीकडचा तिचीच वाट बघत असतो. तुम्ही उलट करा: कोपऱ्यापासून दोन-तीन पावलं मागे राहा, नळी आखूड धरा आणि अर्धगोलात हळूहळू सरका. भाकरी चतकोर चतकोर मोडावी तशी पलीकडची खोली तुकड्यातुकड्यानं उघडत जाते. एक तुकडा बघून झाला की मगच पुढचा. शरीर आधी दिसू नये म्हणून कोपर आत घ्या, आणि डाव्या बाजूच्या कोपऱ्याला बंदूक डाव्या खांद्यावर घ्यायची सवय लावा. पहिल्या दिवशी ते फार विचित्र वाटतं. घरी झाडू घेऊन करा, हसणारे हसतील.

दाराच्या चौकटीत कधी थांबू नका. आत जायचं ठरवलं तर थेट जा आणि बाजूला व्हा, म्हणजे मागच्याला वाट मिळेल. पहिला जी बाजू घेईल तिच्या उलट बाजू दुसऱ्यानं घ्यायची, आणि हे दाराबाहेरच ठरवायचं. पाठीमागे खिडकी किंवा दिवा नाही ना, तेवढं बघून घ्या. उजेडात उभा असलेला माणूस आतल्याला आयताच मिळतो. न बघता नुसती बंदूक कोपऱ्यापलीकडे काढून झाडणं जवळपास सगळीकडे वर्ज्य आहे. बोलणं मोजकं ठेवा: ‘डावं दार, एक’. एवढं पुरतं.

छर्रा लागला की हात वर आणि ‘हिट!’. जाड कपड्यावर तो कधीकधी जाणवत नाही, नुसता टप्प असा आवाज येतो. शंका आली तरी हात वर करा. डबा ऐसपैसमध्ये धप्पा नाकारणारा गल्लीत एखादा असायचाच, तो इथेही भेटतो. त्याच्याशी भांडू नका, मार्शलला सांगा. आणि बाद झालात की गप्प बसा. मेलेल्या माणसानं ‘तो कपाटामागे आहे’ असं ओरडायचं नसतं.

बाहेर पडताना आधी मॅगझिन काढा, मग नेमलेल्या जागी एक फैर झाडून नळी रिकामी करा. बंदूक बंद बॅगेत, आणि बॅग गाडीच्या डिकीत. रस्त्यावर ती उघडी दिसली तर गुन्हा होऊ शकतो, आणि लांबून बघणाऱ्या पोलिसाला ती नकली आहे हे कळणार नाही. सुटीला घरी भारतात जाताना ही बॅग इथेच ठेवा.

कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे आणि मोजे झटकून घ्या. छर्रे पंपात अडकतात.