ट्रकच्या स्लीपरमध्ये झोपायचंय? हीटर लहानच घ्या

कॅनडात ब्रॅम्प्टनला उतरून एझेड, म्हणजे ट्रेलर-ट्रकचं, लायसन्स काढलेल्या नव्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. लॉग, बॉर्डरची कागदपत्रं, वजनकाटा हे सगळं कंपनीत कुणीही शिकवेल. जानेवारीत थंडर बे ते विनिपेगच्या पट्ट्यात उणे तीसमध्ये गाडी लावून स्लीपरमध्ये, म्हणजे केबिनमागच्या झोपायच्या जागेत, झोपायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही.

इंजिन चालू ठेवून झोपणं सोपं वाटतं. त्यात तासाला साधारण तीन लिटर डिझेल जातं, म्हणजे दहा तासांच्या विश्रांतीत तीस. वर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरून जातो. कॅलिफोर्नियात तर पाच मिनिटांपलीकडे इंजिन नुसतं चालू ठेवायला बंदी आहे, झोपण्यासाठी सूट फक्त ‘क्लीन आयडल’चं (उभ्या गाडीत कमी प्रदूषणाचं) प्रमाणपत्र असलेल्या इंजिनांना. इंजिन बंद असताना डिझेलवर चालणारा दोन किलोवॉटचा पार्किंग हीटर तीच रात्र दोन लिटरच्या आसपास काढतो.

दोन किलोवॉट. पुन्हा सांगतो, दोनच. आपली माणसं नेमकी इथेच फसतात. ग्रुपवर कुणाच्या तरी चुलतभावाकडे ‘पॅक पीस’ असतो, आठ किलोवॉट लिहिलेला, आणि दोनच्या भावात आठ मिळतोय म्हणून उचलला जातो. बहुतेक वेळा आत पाचचंच यंत्र असतं, पण स्लीपरला तेही जास्त. पडदा ओढला की जागा केवढी उरते? मोठा हीटर ती दहा मिनिटांत तापवतो आणि रात्रभर मंद जळत राहतो. मंद ज्योतीत डिझेल पुरतं जळत नाही, काजळी ग्लो प्लगच्या (हीटर पेटवणाऱ्या तापत्या कांडीच्या) जाळीवर बसते, आणि ऐन थंडीत सकाळी पांढरा धूर ओकून हीटर बंद पडतो. लहान हीटर जोरात चालतो म्हणून स्वच्छ राहतो. तरीही रोज पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरावर चालवा.

हीटर बंकखालच्या (झोपायच्या फळीखालच्या) कप्प्यात बसवा. धुराची नळी आणि जळणासाठी हवा ओढणारी नळी, दोन्ही फरशीतून खाली बाहेर काढा, तोंडं विरुद्ध दिशांना. फरशीला धातूची पट्टी आणि गॅस्केट हवंच, नुसतं भोक पाडून सिलिकॉन फासायचं नाही. स्वस्त सायलेन्सरचे सांधे गळतात, तेव्हा तोही बाहेरच. नळीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, नाहीतर पाणी साचून गोठेल. उशीच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावा. यात काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या गाडीत झोपत नाही इतकंच.

हीटरच्या किटमधली डिझेलची मऊ हिरवी नळी फेकून द्या. ती पंपाच्या प्रत्येक ठोक्याला फुगते आणि डिझेल कमीजास्त पोचतं. कडक नायलॉनची, आतून दोन मिलिमीटरची नळी घ्या. पंप टाकीजवळ, रबरी पट्ट्यात, बाहेर पडणारं तोंड वर करून तिरका बांधा. सांधा ठिबकत असेल तर रस्त्यावरच्या तपासणीत गाडी जागेवर उभी करतात. टेक्सासहून भरून आणलेलं डिझेल मॅनिटोबात गोठतं, म्हणून उत्तरेला येताना वाटेत हिवाळी डिझेल भरत या.

हीटर सुरू होताना आठ-दहा अँपिअर घेतो. किटची बारीक वायर लांबवली की व्होल्टेज पडतं आणि तो सुरूच होत नाही. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरा, वीसचा फ्यूज बॅटरीजवळच टाका. बंद करताना बटणानेच बंद करा. थेट वीज तोडली तर आतला पंखा थांबतो आणि तापलेली कंट्रोल प्लेट जळते.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. टेक्सासमधल्या लारेडोच्या बाजूला रात्री उशिरापर्यंत तीस अंश असतात. बारा व्होल्टचा छताचा एसी जोरात असताना पन्नास-साठ अँपिअर ओढतो, सरासरी पस्तीस धरा. तीनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी ऐंशी टक्के वापरली तर सातएक तास मिळतात. पाच मीटरवर साठ अँपिअर न्यायचे तर दोन नंबर गेजची केबल लागते, तिच्यात जाऊन-येऊन तीन दशांश व्होल्ट पडतं. आठ नंबरच्या बारीक केबलमध्ये सव्वा व्होल्ट जातं आणि एसी मध्यरात्री कटतो. मग लोक एसीला शिव्या देतात. ही बॅटरी अल्टरनेटरला (इंजिनवरच्या जनित्राला) सरळ जोडू नका, मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर घाला. शून्याखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून बाहेरच्या चेसिसवर न ठेवता आत ठेवा.

हे सगळं करण्याआधी पुढची काच, बाजूच्या काचा आणि छताची खिडकी चंदेरी बबल-फॉइलने झाका. हे सर्वात स्वस्त आणि याचाच सगळ्यांना कंटाळा.

गाडी कंपनीची असेल तर भोक पाडण्याआधी लेखी परवानगी घ्या. इथले मेकॅनिक तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘शुड बी ओके’ म्हणाले तर समजा त्यांनी अजून नीट पाहिलेलंच नाही. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये एक ग्लो प्लग, त्याची जाळी आणि काढायचा पाना टाकून ठेवा.