विमानातलं रडार चित्र नक्की किती शिळं?

अमेरिकेत छोट्या विमानांचे बरेच वैमानिक सिरियस एक्सएम या उपग्रह-रेडिओ कंपनीच्या उपग्रहावरून नेक्सरॅडचं, म्हणजे जमिनीवरच्या हवामान रडारांच्या जाळ्याचं, चित्र टॅबलेटवर घेतात. रिसीव्हर समोरच्या काचेलगत, मोकळं आकाश दिसेल असा ठेवा. धावपट्टीकडे निघण्याआधीच सिग्नल मिळतो, ही मोठी सोय.

खरी मेख पुढे आहे. चित्राच्या कोपऱ्यात ‘२ मिनिटं’ दिसतं, ते चित्र जोडून तयार झाल्यापासूनचं वय. रडारने पाऊस टिपला तो क्षण त्याच्याही आधीचा, कारण अनेक रडारांची निरीक्षणं गोळा करून जुळवण्यात वेळ जातो. एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेतल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्ये इशारा दिला होता, की टोकाच्या प्रसंगी माहिती त्या आकड्यापेक्षा १५ ते २० मिनिटं जुनी असू शकते. ४० नॉटने (तासाला ४० सागरी मैल) सरकणारं वादळ १५ मिनिटांत १० सागरी मैल पुढे गेलेलं असतं! जोरदार पाऊस दाखवणाऱ्या दोन लाल पट्ट्यांमधली फट पडद्यावर अजून उघडी दिसते, प्रत्यक्षात ती बुजलेली असू शकते. अशा फटीत कधीच शिरू नका.

लूप, म्हणजे मागची काही चित्रं ओळीने, चालवून वादळ कुठे सरकतंय ते पाहा, त्याच्या पुढून न जाता मागून वळसा घाला आणि तीव्र वादळापासून किमान २० मैल लांब राहा. चित्रावरची वेळ अडकली, तर हवाई वाहतूक नियंत्रकाला रेडिओवर विचारा.