डिझेल ट्रॅक्टरचं इंजिन अचानक सुसाट पळू लागलं तर

आधी स्टॉपची दोरी पूर्ण ओढा. तरीही इंजिन थांबलं नाही तर हवा तोडा: एअर क्लीनरचा पाइप काढून इनटेकच्या (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेच्या) तोंडावर जाड फळी घट्ट दाबा. हात किंवा सैल फडकं कधीही लावू नका, ओढ जबर असते. इंजिनाच्या बाजूला, फॅनच्या रेषेत कोणी उभं राहू नये. डिझेलचा कॉक बंद करा, पण लायनीतलं डिझेल संपायला वेळ लागतो, त्यावर विसंबू नका.

थांबल्यावर लगेच पुन्हा चालू करू नका. स्टॉपने थांबलं असेल तर दोष पंपाकडे: अडखळणारा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) किंवा गव्हर्नरचा (वेग आवरणाऱ्या भागाचा) सुटलेला दांडा. बरेच दिवस उभ्या ट्रॅक्टरचा रॅक चिकटू शकतो. स्टॉपला दाद न देता निळसर-पांढरा धूर आला, तर इंजिन बहुधा ऑइलच जाळत होतं. डिपस्टिक बघा. पातळी वाढून डिझेलचा वास येत असेल तर फीड पंप (टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) किंवा डिझेल पंपाचं सील गळतंय. ऑइल बदलण्याआधी तेच दुरुस्त करा. ऑइल बाथ क्लीनर (तळाशी ऑइल असलेला एअर क्लीनर) खुणेच्या वर भरलेला, ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबलेला, टर्बोचं सील गेलेलं, हेही तपासा.