आईच्या न्हाणीचा उंबरठा काढला: वॉक-इन शॉवर निवडताना काय काय पाहायचं

मागच्या जानेवारीत आई बाथरूममधून बाहेर येताना पडली. आत नाही, बाहेर येताना. दारात ग्रॅनाईटची दीड इंचाची पट्टी होती, पाणी खोलीत येऊ नये म्हणून बसवलेली, तिच्यावरून पाय उचलताना तोल गेला आणि आईनं टॉवेलचा रॉड धरला तर रॉड स्क्रूसकट हातात आला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालते. तेव्हापासून नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या जुन्या घराचं बाथरूम मी दोनदा मोजलं, एकदा फोडलं, आणि जे कळलं ते लिहून ठेवते, कारण ज्यांच्या घरी सत्तरीपुढचं माणूस आहे त्यांना हे आज ना उद्या लागणारच आहे. पडायच्या आधी लागलं तर फार बरं.

पहिली गोष्ट, दुकानात वॉक-इन शॉवर म्हटलं की काचेची केबिन दाखवतात. ते डोक्यातून काढा. वॉक-इन म्हणजे पाय न उचलता, सरळ चालत किंवा वॉकर ढकलत जिथं आंघोळीच्या जागेपर्यंत जाता येतं ती फरशी. काच असली नसली तरी चालतं, शॉवरऐवजी बादलीचा नळ असला तरी चालतं, पण मध्ये पायरी, पट्टी, कठडा नको. खरं तर आपल्याकडे अख्खं बाथरूमच ओलं असतं आणि तेच घसरण्याचं मूळ आहे, आंघोळ एका कोपऱ्यात होते आणि पाणी कमोडपर्यंत, दारापर्यंत पसरतं. त्यामुळं आपल्याला दोन कामं एकदम करायची असतात, उंबरठा घालवायचा आणि तरी पाणी एका जागी धरून ठेवायचं.

कॅटलॉग पाहायच्या आधी चार दिवस माणूस पाहा. आई आत जाताना कुठं हात टेकते, वळताना कशाला धरते, कपडे कुठं ठेवते, साबण घ्यायला वाकते का. आमच्या जुन्या टाइल्सवर बेसिनच्या बाजूला एका जागी हाताचा मळकट डाग होता, रोज तिथंच हात टेकायची म्हणून. ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचा भिंतीवरचा दांडा, तिथंच लागतो, प्लंबरच्या सोयीच्या जागी नाही. मग वॉकर मोजा. कागदावर आपला दरवाजा अडीच फुटी असतो, पण चौकट आणि पल्ल्याची जाडी गेली की हातात सव्वीस-सत्तावीस इंच उरतात, वॉकर जेमतेम जातो आणि हाताची बोटं चौकटीला घासतात. व्हीलचेअर असेल किंवा पुढं लागेल असं वाटत असेल तर ९०० मिलिमीटर मोकळी जागा धरा, आणि खुर्ची आत वळवायची असेल तर १५०० मिलिमीटरचा गोल. जुन्या घरात हा गोल सहसा मिळत नाही. तेव्हा उलटं आत नेणारी, बसूनच आंघोळ होणारी चाकांची शॉवर चेअर हा मार्ग असतो, त्यासाठीही उंबरठा मात्र काढावाच लागतो.

आता ढाळ. सगळा खेळ इथं आहे आणि सगळ्यात जास्त गडबडही इथंच होते. साधा हिशोब, दर फुटाला पाव इंच, म्हणजे चार फुटांना एक इंच. याहून कमी केला तर पाणी साचतं आणि फरशीवर साबणाचा थर बसतो, जास्त केला तर म्हाताऱ्या माणसाला उभं राहताना एका बाजूला ओढल्यासारखं होतं आणि शॉवर चेअरही डुगडुगते. आमच्या मिस्त्रीनं आधी मध्यभागी नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीचं तोंड, ठेवून चारी बाजूंनी ढाळ द्यायचं ठरवलं होतं, म्हणजे मोठ्या टाइल्स चार तिरप्या तुकड्यांत कापाव्या लागतात आणि पायाखाली चार वेगवेगळे उतार येतात. मी म्हटलं, भाऊ, असं नको. भिंतीलगत लांबट जाळीची नाली घेतली, ज्याला दुकानात लिनियर ड्रेन म्हणतात, मग ढाळ एकाच बाजूला राहिला, दारापासून दूर जाणारा. वॉकरचे चारही पाय एकाच पातळीत टेकतात, एवढ्यासाठी तरी ही नाली घ्या. जाळी उचलून स्वच्छ करता येणारी असावी, केस अडकतातच.

फ्लॅटमध्ये असाल तर आधी हे विचारा की बाथरूमखाली सनकन स्लॅब आहे का, म्हणजे बाकी घरापेक्षा स्लॅब खाली दाबलेला आणि वर भराव केलेला. असेल तर भराव काढून फरशी खोलीच्या पातळीला आणता येते. नसेल आणि ट्रॅप स्लॅबमधून खाली, शेजाऱ्याच्या छताकडं गेला असेल तर फरशी खाली जात नाही, तेव्हा हट्ट करू नका, दाराबाहेर छोटा उतार करा, एक इंच चढायला बारा इंच लांबीचा. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक असेल तर कड तिरपी घासून घेतली तरी वॉकर, चाक अडत नाही. फ्लॅटवाल्यांनी खालच्या घरी सांगून ठेवा आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर नाली बंद करून किमान २४ तास, जमलं तर ४८ तास पाणी भरून ठेवा, मगच टाइल्स. मिस्त्री घाई करतो. त्याला घाई असते, गळती आपल्याला आयुष्यभर असते. आणि टाइल्स लागायच्या आधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढं ग्रॅब बारसाठी भोक पाडताना हाच फोटो पाइप वाचवतो.

टाइल्सच्या बाबतीत इतवारीतल्या दुकानांत दोन दिवस फिरले. सगळे चमकणारी टाइल दाखवतात आणि म्हणतात, मॅट घ्या ताई, घसरत नाही. मॅट म्हणजे न घसरणारी असं नसतं. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात R नावाचा आकडा असतो, R9 पासून R13 पर्यंत, आकडा वाढला की पकड वाढते. आंघोळीच्या जागेला R11 बघा, R10 च्या खाली जाऊ नका. हा आकडा बूट घालून केलेल्या चाचणीचा असतो, अनवाणी पायासाठी वेगळी A, B, C अशी पट्टी असते, त्यात शॉवरला B तरी हवा. दुकानदाराला हे काहीच माहीत नसेल तर नमुन्याची एक टाइल घरी आणा, जमिनीवर ठेवा, पाणी टाका, शाम्पूचे दोन थेंब टाका, आणि कुणाला तरी धरून अनवाणी उभं राहून पाय हलवा. दोन मिनिटांत समजतं. मी एक टाइल अशीच बाद केली. फार खरखरीत पण नको, म्हाताऱ्यांच्या तळपायाची कातडी पातळ असते आणि मळ त्या खाचांत बसतो. आम्ही शेवटी आंघोळीच्या कोपऱ्यात लहान तुकड्यांची टाइल लावली, जितके जॉइंट जास्त तितकी पकड जास्त, आणि जॉइंटमध्ये एपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारा भराव, भरलं.

इथं आपल्या पाण्याचा मुद्दा आहे. महानगरपालिकेचं पाणी पेंच आणि कन्हान नद्यांचं, पण कितीतरी घरांत बोअरचं पाणी मिसळून राहिलं, आणि बोअरच्या पाण्यात क्षार असला की साबणाचा चिकट पांढरा थर फरशीवर बसतो. कितीही चांगली टाइल घ्या, त्या थरावर पाय घसरणारच. आठवड्यातून एकदा ब्रश मारावाच लागतो. काचेवर तर हे डाग लवकर बसतात, आणि हे काच न लावण्याचं एक कारण. दुसरं कारण मोठं, आईला आंघोळ घालायला मावशी येते, तिला दोन्ही बाजूंनी हात घालता यायला पाहिजे, काचेच्या पॅनलमागं ती वाकणार कशी? आम्ही साधा जड पडदा लावला, खालून फरशीला टेकत नाही इतकाच. ज्यांना काच हवीच त्यांनी टफन्ड (तापवून मजबूत केलेली), किमान ८ मिलिमीटर जाडीची घ्या, आत जायची जागा तीन फूट सोडा, आणि काचेला कुणी धरून उठणार नाही अशी व्यवस्था करा.

ग्रॅब बार. यात पैसे वाचवू नका. रबरी चोषकानं चिकटणारे मिळतात, ते आधारासाठी अजिबात नको, ओल्या टाइलवरून कधी सुटतील नेम नाही. स्टेनलेस स्टीलचा, ३०४ ग्रेडचा, गोल, ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा म्हणजे मूठ पूर्ण बंद होते, आणि भिंतीपासून चार सेंटिमीटरच्या आसपास अंतर, जास्त अंतर असलं तर हात आत घसरून अडकतो. उंची पुस्तकात ३३ ते ३६ इंच असते पण आई चार फूट दहा इंचांची, तिला सरळ उभं करून हात खाली सोडला आणि मनगटापाशी खूण केली, ती उंची. एक उभा बार आत शिरताना धरायला, एक आडवा बसायच्या जागेशेजारी, एक कमोडजवळ. भिंत जुनी विटांची असेल तर आधी ठोकून पाहा, टाइलमागं पोकळ आवाज आला तर तिथं स्क्रू धरत नाही, जागा सरकवा किंवा टाइल काढून मागं सिमेंट काँक्रीट भरून घ्या. आजकालच्या हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग चालत नाही, केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट, लावावा लागतो. लावून झाला की मिस्त्रीलाच सांगा, लटकून दाखव. आमचा हसला, पण लटकला. टॉवेलच्या रॉडऐवजीही ग्रॅब बारच लावा, कारण पडताना माणूस निवड करत नाही, जे समोर दिसेल ते धरतो.

बसायचं काय? प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची आत ठेवू नका, ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात आणि ती माणसासकट बसते. भिंतीला घडी होणारी सीट किंवा रबराचे पाय असलेली, उंची कमीजास्त होणारी, हात असलेली ॲल्युमिनियमची खुर्ची घ्या. उंची गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत मोजा, तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. सहसा १७ ते १९ इंच सांगतात, आईला सोळा लागली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना डॉक्टर सहसा खाली बसू देत नाहीत, म्हणून आमचा लाकडी पाट माळ्यावर गेला.

आता आईचं म्हणणं. हँड शॉवर लावला, आई म्हणाली, "हे काय पावसासारखं अंगावर, बादली कुठी हाय माही? काहून काढली?" ज्या माणसानं सत्तर वर्षं बादली-मग्यानं आंघोळ केली त्याला एका दिवसात शॉवर सांगता येत नाही, आणि सांगूही नये. बादली ठेवली, पण गुडघ्याएवढ्या उंच, न हलणाऱ्या कट्ट्यावर, म्हणजे वाकावं लागत नाही, आणि नळ तसाच वर घेतला. हँड शॉवर पण ठेवला, दीड मीटरच्या नळीचा, बसूनच हाताला येईल असा खाली टांगलेला. डोक्यावरचा मोठा गोल शॉवर आम्ही घेतलाच नाही. टाकी आणि नळ यांच्यातल्या उंचीच्या प्रत्येक दहा मीटरला एक बार (हे दाबाचं माप, धरायचा बार नव्हे) दाब मिळतो, आमची टाकी वरच्या मजल्याच्या छतावर, खालच्या बाथरूमला अर्ध्या बारच्या आसपासच मिळतो, त्यात तो शॉवर टपटपतो. आणि तोंडावर पाणी आलं की म्हातारं माणूस घाबरतं, हे वेगळंच.

गरम पाण्याचं तर नागपुरात दोन्ही बाजूंनी आहे. हिवाळ्यात गिझर, आणि मे महिन्यात दुपारी गिझर बंद असूनही नळातून उकळतं पाणी, कारण टाकी दिवसभर उन्हात तापते. म्हातारी कातडी लवकर भाजते आणि समजतं उशिरा. ६० डिग्रीचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं. गिझर ५० च्या खाली ठेवा, आणि जमलं तर तापमान अडवणारा मिक्सर लावा, त्याला दोन्ही बाजूंचा दाब सारखा लागतो हे प्लंबरकडून आधी तपासून घ्या. उन्हाळ्यात आंघोळ सकाळीच. गिझरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत उघडणाऱ्या दाराला आत पडलेलं माणूसच अडसर होतं आणि बाहेरचे नुसते ढकलत राहतात. कडी बाहेरून नाण्यानं उघडता येईल अशी. एक वायरलेस बेल खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर चिकटवली, पडल्यावर तिथंच हात पोचतो. ग्रॅब बार भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा ठेवा, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना पांढऱ्या टाइलवर चकचकीत स्टील दिसत नाही, आम्ही त्यावर निळी पट्टी गुंडाळली. रात्रीचा छोटा दिवा बेडपासून बाथरूमपर्यंत.

सगळं काम दहा दिवस चाललं, त्यात पाणी भरून ठेवण्याचे दोन आणि सुकण्याचे दोन. ते दिवस आईची आंघोळ खोलीतच, ओल्या टॉवेलनं अंग पुसून, हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी अर्धवट बाथरूममध्येच माणूस जायला निघतं. ज्यांना इतकं फोडायचं नाही त्यांनी उंबरठा, बार, खुर्ची आणि दार एवढं तरी करा, फरशीला घसरण कमी करणारं रसायन लावून घ्या, ते झिजतं आणि पुन्हा लावावं लागतं.

काम संपल्यावर पहिल्या दिवशी पाणी सोडू नका. कोरड्या फरशीवर, कपड्यांसकट, आईला पूर्ण फेरी मारायला लावा: दार, वळण, बार धरणं, बसणं, साबणापर्यंत हात, बादलीपर्यंत हात, उठणं, परत दार. आमच्या आईचा हात साबणापर्यंत चार बोटं कमी पडला. मिस्त्री अजून घरीच होता, त्यानं लगेच साबणदाणी खाली घेतली.