काळ्या मातीत लोखंडी कुंपण उभारताना

नागपूर परिसरातील जुने लाकडी कुंपण वरून शाबूत दिसते, पण वाळवी आणि पावसाळ्यातील ओल यांनी त्याचे खांब जमिनीलगत पोखरलेले असतात. लोखंडही सर्वांत आधी तिथेच गंजते, म्हणून नव्या कुंपणाचा खर्च आखताना आधी पायाचा विचार करावा, नक्षीचा नंतर.

जुने खांब उपटण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या उपस्थितीत हद्दीची दोरी बांधून खुणा करून घ्याव्यात. खांब बुंध्यासह काढावेत. जमिनीत राहिलेला तुकडा वाळवीला पोसतो.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे उथळ पायातील खांब दरवर्षी थोडाथोडा हलत अखेर कलतो. खड्डा किमान ९० सेंटीमीटर खोल घ्यावा, मुरूम जवळ असेल तर मुरमापर्यंत न्यावा आणि तळाशी तोंडापेक्षा रुंद ठेवावा, म्हणजे फुगणारी माती पाया वर ढकलू शकत नाही. खड्ड्यातील काळी माती परत न भरता पूर्ण काँक्रीट घालावे. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा ५ ते ८ सेंटीमीटर उंच आणि चहूबाजूंनी उतरता करावा, कारण सपाट माथ्यावर साचलेले पाणी खांबाच्या बुडाशीच मुरते. त्यानंतर किमान ७ दिवस पाणी मारावे.

खांबांसाठी जस्ताचा मुलामा दिलेले जी.आय. पाइप घ्यावेत आणि त्यांची वरची तोंडे टोपीने बंद करावीत. वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो व त्याचा धूर अपायकारक असतो. म्हणून सांध्यापुरता मुलामा आधी घासून काढावा, काम मोकळ्या हवेत करावे आणि नंतर त्या जागी जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. हा टप्पा कारागिरावर न सोपवता स्वतः उभे राहून करून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तापमानात ५० अंशांचा फरक पडला, तर ६ मीटर लांबीची आडवी पट्टी साडेतीन मिलिमीटरहून अधिक वाढते, म्हणून बोल्टची भोके लांबट ठेवावीत. अखंड पत्र्यापेक्षा जाळी बरी, कारण वळवाच्या वादळात पत्रा सारा वारा अंगावर घेतो.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेल्यावर तापलेल्या लोखंडावर रंग नीट बसत नाही आणि काँक्रीटही लवकर सुकून कच्चे राहते.